कुडपण, तीन चढ

भाड्याची सायकल चिखलाने माखून परत आणणाऱ्या माणसाला मी पुन्हा सायकल देत नाही. पण प्रश्न विचारला की जे हसतात, त्यांच्याशी मी भांडतो. महाडच्या बाजारात अशी माणसं मुबलक आहेत, त्यामुळे माझा अर्धा दिवस भांडण्यात जातो असं आमची मंडळी म्हणतात. मला ते मान्य नाही. अर्धा जात नाही, थोडा कमीच जातो.

माझं नाव मोरेश्वर. दुकानात तीन सायकली आहेत म्हणून गाव मला मोरूशेठ म्हणतं. त्यात मान किती आणि थट्टा किती, याच्या खोलात मी जात नाही. दुकान टाकण्याआधी दहा वर्षं मुंबईला ग्रँट रोडवर सायकली दुरुस्त केल्या. तिथे एक पाववाला यायचा. पहाटे सायकलीच्या मागे पावांची पाटी बांधून माझगाव ते महालक्ष्मी रोज दोन खेपा करायचा. एका गिरणीच्या खेळांच्या दिवशी तो सहज म्हणून धावण्याच्या शर्यतीत उतरला. लांबची शर्यत जिंकला, शंभर यार्डांची आखूड शर्यतही जिंकला, आणि रोज मैदानावर पळणारे गडी कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मी त्याला विचारलं, "तू पळायचा सराव कधी करतोस?" तो म्हणाला, "कशाला पळू? सायकल आहे ना!"

तेव्हापासून एक किडा माझ्या डोक्यात शिरला. सायकलीने कमावलेले पाय धावायला उपयोगी पडतात का? पडत असतील तर दम वाढतो, की वेग, की दोन्ही? समोरच्या दुकानातल्या रावजी शिंप्याला विचारलं तर तो सुई दातात धरून हसला. "अहो, बसून कुणी पळायला शिकतं का?" त्या दिवशी मी त्याच्याशी जेवणवेळेपर्यंत भांडलो.

साल चौतीसच्या कार्तिकात माझं बोट चेनमध्ये चेंगरलं आणि मी दवाखान्यात गेलो. तिथे ओसरीवर एक उंच, काटक माणूस उजवी टाच वर धरून बसला होता. बाजूला घुंगरांची काठी. घुंगरं बघून कळलं की हा टपालाचा रनर. हैबती त्याचं नाव. पोलादपूरहून टपालाची थैली पाठीवर घेऊन डोंगरातल्या वाड्यावाड्यांतून कुडपणला जायचं, तिकडचं टपाल घेऊन परत यायचं, हे काम तो नऊ वर्षं करत होता. तोडलेल्या कारवीचा खुंट त्याच्या टाचेत आरपार घुसला होता.

"डाक्टर म्हनतो, दीड महिना टाच भुईला लावायची नाय," तो म्हणाला. "आनि पौषात टपालाचा सायेब येनार. माजा पाय धड हाय का नाय, ते सोता बगनार."

परीक्षा काय ती पोलादपूरच्या पोस्टमास्तरांनी, दत्ताराममास्तरांनी, त्याला समजावून सांगितली होती. साहेबांसमोर एक फेरी करायची. सकाळी आठला पोलादपूरहून थैली घेऊन निघायचं, कुडपणच्या पाटलाची वेळ घातलेली सही आणायची आणि दोनला सुटणाऱ्या महाडच्या मोटारीत परतीचं टपाल टाकायचं. नंतर आठ दिवस रोज तीच फेरी, एकही खाडा न पडता. दोन्ही जमलं तर लाइन, म्हणजे ती टपालाची वाट, हैबतीची. नाही तर सध्या बदलीवर असलेल्या भिकूची, म्हणजे त्याच्याच चुलतभावाची. भिकू वाईट माणूस नव्हता, फक्त दहा वर्षांनी लहान होता.

"दीड महिना बसून ऱ्हायलो तर दम मरनार," हैबती म्हणाला. "घुंगरं वाजली की बाया चूल सोडून भायेर येतात, शेठ. मुंबैच्या पोराचं पत्र आलं काय, इचारतात. लाइन गेली तर मला कोन इचारनार?"

असं म्हणून तो मान फिरवून बसला. मला गलबलून आलं, हे खोटं कशाला सांगू? पण त्याच वेळी माझी नजर त्याच्या पायावर होती. टाच गेली होती, पण पुढचा चवडा शाबूत होता. आणि सायकलीचं पायडल चवड्याने दाबतात.

"हैबती," मी म्हणालो, "तू माझ्याकडे राहायला चल."

आधी त्याला सायकलीवर तोल सांभाळता येईना आणि पडला तर टाच पुन्हा फाटायची. म्हणून मी दुरुस्तीच्या स्टँडवर सायकल चढवली, मागचं चाक अधांतरी ठेवलं आणि त्याला वर बसवलं. तो पायडल मारी, चाक गरगर फिरे, सायकल जागची हलत नसे. बाजाराला फुकटचा तमाशा मिळाला. रावजी रोज येऊन विचारायचा, "मोरूशेठ, हा माणूस सकाळपासनं निघालाय, अजून तुमच्या दुकानातच कसा?" हैबती बिचारा लाजून खाली बघायचा. मी मात्र घड्याळ लावून त्याची नाडी मोजत होतो. पहिल्या दिवशी पाव तासात ती इतकी धडधडली की मला मोजता येईना. दहाव्या दिवशी अर्धा तास पायडल मारूनही तो माझ्याशी गप्पा मारत होता.

"पाय चालत नायत, तरी दम लागतो. नवल हाय," तो म्हणाला.

"नवल तर खरंच," मी म्हणालो आणि वहीत लिहून ठेवलं. वही त्यासाठीच केली होती.

तोल यायला आणखी आठवडा गेला. मग आम्ही दोघं दोन सायकलींवर महाड–पोलादपूर रस्त्यावर जायला लागलो. सपाटीवर दम नुसता लांबतो, वेग वाढत नाही, असं माझ्या ध्यानात आलं. म्हणून मी एक युक्ती केली. मागून पोलादपूरची मोटार आली की दोन मैलाच्या दगडांमधला एक तुकडा धरून हैबतीने तिच्यामागे सुटायचं. जीव खाऊन पायडल मारायचं, दगड आला की सोडून द्यायचं, श्वास बसेपर्यंत हळू जायचं. पहिल्या खेपेला मोटारीने त्याला नुसती धूळ चारली. पुढे पुढे निम्मा मैल तो तिच्या मागच्या फळीला चिकटून राहायला लागला. मोटारीतली माणसं वाकून बघायची आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. मी हँडल सोडून टाळ्या वाजवल्या आणि खड्ड्यात गेलो.

चढासाठी आम्ही पोलादपूरच्या पुढे कशेडीचा घाट धरला. एकदा मी त्याला विचारलं, "हैबती, तुझी लाइन लांब किती? मैल सांग."

"मैल कोन मोजतो? कुडपन तीन चढ."

"आणि येताना?"

तो हसला. "येताना उतारच की. उतार कोन मोजतो?"

डोंगरातल्या माणसांची ही रीत मला माहीत होती. त्यांना गाव किती लांब विचारलं तर ते चढ सांगतात. एक चढ, दोन चढ. उतार म्हणजे विसावा, तो वाटेत धरायचाच नाही. मला ते पटलंही. सायकलीवर तसंच असतं ना? घाट चढताना सीटवरून उठून एकेक पायडल अंगाच्या भाराने रेटायचं, मांड्या पेटतात, छाती फुटायला येते. आणि उतरताना पायडल थांबवून, ब्रेकवर बोटं ठेवून, वारा खात बसायचं. मी वहीत तीन तिरप्या रेघा वर काढल्या, चढ एक, चढ दोन, चढ तीन, आणि त्याप्रमाणे आम्ही कशेडी रोज तीनदा चढायला लागलो. महाडातला सगळ्यात शहाणा माणूस मीच, याबद्दल मला त्या दिवसांत तिळमात्र शंका नव्हती.

हैबतीची बायको रखमा दर मंगळवारी बाजाराच्या दिवशी भाकऱ्या बांधून यायची. त्यांची वाडी पहिल्या चढाच्या माथ्यावर. एरवी रोज ती जळणाची मोळी डोक्यावर घेऊन पोलादपूरला उतरे. मंगळवारी मोळी तिथे टाकून पुढे अकरा मैल महाडपर्यंत चालत येई. उंबऱ्याशी बसून ती नवऱ्याला सायकलीवर बसताना बघायची. बोलायची फारसं नाही. "बराय नव्हं पाय?" एवढं विचारून, पाणी पिऊन परत जायची. मी तिला नाडीचे आकडे वाचून दाखवले तर तिने मान डोलावली. तिला त्यातलं काय कळणार, असं मला वाटलं.

मार्गशीर्ष सरता सरता टाच भरली. डॉक्टरांनी दाबून बघितली आणि पळ म्हणाले. आम्ही सावित्रीच्या काठाकाठाने जाणाऱ्या सपाट रस्त्यावर गेलो. पहिली शेदोनशे पावलं हैबती असा पळाला की माझा जीव खाली-वर झाला. सायकलीवरून नुकताच उतरला होता. पाय गोल गोल फिरायला बघत होते.

"शेठ, हे पाय माजे नायत," तो ओरडला. "उसने आनल्यासारे वाटतात!"

"पळत राहा!"

मग कुठे पाय मोकळे झाले. मैलाच्या दगडापाशी मी घड्याळ बघितलं, कानाला लावून चालू आहे ना ते बघितलं. दोन दिवसांनी भिकू महाडला आला होता, त्याला त्याच तुकड्यावर पळवलं. हैबतीला त्याच्यापेक्षा जवळजवळ एक मिनिट कमी लागलं होतं. दीड महिना जमिनीला टाच न लावलेला माणूस! शंभर पावलांच्या आखूड धावेतही भिकू चार हात मागे राहिला. पोटऱ्या तेवढ्या दुखल्या, तळवे हुळहुळे झाले होते. ते खडीवर चालून चार दिवसांत घट्ट झाले. मी वही घेऊन रावजीच्या दुकानात गेलो आणि त्याच्या मशीनवर ती आपटली. तो वाचत बसला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

परीक्षेचा दिवस उजाडला. साहेब घड्याळ समोर ठेवून पोलादपूरला कचेरीच्या पडवीत बसले. शांत माणूस होता. हैबतीची टाच स्वतः वाकून बघितली आणि "घाई करून पडू नका" म्हणाले. आठच्या ठोक्याला हैबती निघाला. मी सायकल घेऊन सपाटी संपते आणि चढ सुरू होतो तिथपर्यंत त्याच्याबरोबर गेलो. पुढे सायकल जात नाही. त्याने पहिल्या चढाला हात घातला आणि मी नुसता बघत राहिलो. घुंगरं एका चालीत वाजत होती. वळणावळणाला आवाज वर वर जात होता, थांबत नव्हता. एरवी माणसं त्या चढाला तीनदा बसतात.

मी आंब्याखाली बसलो. हिशेब सोपा होता. चढायला तीन तास लागतात, त्याला अडीच लागतील. उतरायला दोन तास. साडेबाराला येईल. पाटलाच्या चिठ्ठीवरची वेळ मी नंतर बघितली. त्याने कुडपण दोन तास वीस मिनिटांत गाठलं होतं. पाटलाला ते खरं वाटेना, घड्याळ बंद पडलं की काय म्हणून त्याने ते हलवून बघितलं होतं म्हणे.

साडेबारा झाले. घुंगरं नाहीत. एक वाजला. टाच फाटली, दुसरं काय? सव्वा वाजता वरून आवाज आला, पण तो धावणाऱ्याच्या घुंगरांचा नव्हता. दोनदा छुन्न, मग शांत. पुन्हा एकदा छुन्न. मी सायकल टाकून वर पळालो.

हैबती उलटा उतरत होता. तोंड डोंगराकडे, पाठ खाली, एका हाताने कारवी धरून, काठी टेकत एकेक पाऊल मागे टाकत. टाच धड होती. दम धड होता. पण मांड्या लटलट कापत होत्या, आणि सरळ तोंडाने पाऊल खाली टाकलं की गुडघा त्याच्या मनाविरुद्ध वाकून तो बसत होता. दुसऱ्या उतारापासून असं चाललं होतं. दोनदा तो थैलीसकट गडगडला होता.

"काय झालं रे?" मी ओरडलो.

"ठाव नाय!" तो रडकुंडीला आला होता. "चढाला लागलंच नाय काय. उतारानं मोडला मला, शेठ. उतारानं!"

तिथे, त्या उतारावर उभं राहून, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. चढताना पाय अंगाला ढकलतात. उतरताना ते अंगाला, वर थैलीलाही, पावलापावलाला झेलतात. ते झेलणं आम्ही सात आठवड्यांत एकदाही केलं नव्हतं. सायकलीने उतार आयता दिला होता आणि आम्ही तो आयता घेतला होता.

तो पायथ्याला लागला तेव्हा दोनला नऊ मिनिटं कमी होती. पोलादपूर मैलभर. मी म्हणालो, "सायकलीवर बस." त्याने पट्टा आवळला आणि सपाट रस्त्याला लागला. पहिली दहा-पंधरा पावलं तो दारू प्यायल्यासारखा गेला. मग, कसं कोण जाणे, पाय चालू लागले. सपाटीवर झेलायचं नव्हतं, ढकलायचं होतं, आणि ढकलायला ते तयार होते. मी शेजारून सायकल मारत होतो. शेवटचा पाव मैल राहिला तेव्हा समोर मोटार चालू करायला हँडल मारलेलं ऐकू आलं, आणि हैबती सुटला. दगड ते दगड मोटारीमागे सुटायचा तसाच. मला त्याच्या बरोबरीने राहायला सीटवरून उठावं लागलं.

थैली मोटारीत पडली तेव्हा साहेबांच्या घड्याळात दोनला अर्धं मिनिट कमी होतं. साहेबांनी चिठ्ठीवरची वेळ बघितली, हैबतीकडे बघितलं आणि सही केली. "उद्यापासून आठ दिवस," ते म्हणाले. "चिठ्ठ्या रोज माझ्याकडे यायला हव्यात." आणि त्याच मोटारीने गेले. मी हैबतीला मिठी मारली. त्याला पायऱ्यांवरून खाली दोघांनी उतरवावं लागलं, पण त्याचं मी हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढे घेऊन पहिल्या मोटारीने पोलादपूरला आलो. आठला दहा मिनिटं कमी होती आणि हैबतीचा पत्ता नव्हता. भिकू पडवीत बसला होता. दत्ताराममास्तर थैलीवर हात ठेवून उभे होते.

"साडेआठपर्यंत थांबेन, मोरूशेठ," ते म्हणाले. "पुढे भिकूला द्यावी लागेल. खाडा तो खाडा."

सव्वाआठला घुंगरं वाजली. मी रस्त्यावर पळालो. रखमा येत होती. डोक्यावर मोळी, हातात काठी.

"त्यांना उंबरा उतरवत नाय," ती म्हणाली. "मांड्या दगडावानी झाल्यात. हात लावला तरी वरडतात." मोळी भिंतीला टेकवून ती मास्तरांसमोर उभी राहिली. "थैली द्या."

"बाई, ही लाइन हैबतीची आहे."

"मग मी कोनाची हाय? थैली त्याच्याच घरातनं जाते का नाय, तेवडं बगा."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिकूकडे बघितलं. त्याने तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं, आणि लाइन त्याची झाली असती. भिकू उठला. त्याने थैली उचलली, रखमाच्या पाठीवर ठेवली आणि पट्टा तिच्या मापाचा करून दिला.

"तिसऱ्या चढाला डावीची वाट धर गो वैनी," तो म्हणाला. "उजवी ढासळलीय."

मास्तर आत जाऊन शिक्के मारत बसले. मी पुन्हा त्या आंब्याखाली जाऊन बसलो. पेढे तसेच खिशात होते. ती कुडपणला पोचली अकरा वीसला. म्हणजे नवऱ्यापेक्षा चढायला तिला बराच वेळ जास्त लागला. मी तिची वाट पावणेदोनच्या आत बघत नव्हतो. एक वाजून पाच मिनिटांनी घुंगरं वाजली, अगदी जवळ, आणि ती वळणावर दिसली.

ती धावत नव्हती. गुडघे थोडे वाकलेले, पावलं आखूड आणि भराभर, खांदे जागच्या जागी. डोक्यावर पाण्याची घागर असती तर थेंब सांडला नसता. श्वासही लागला नव्हता. तीन उतार तिने पावणेदोन तासांच्या आत मोडले होते, आणि मोटार सुटायच्या आधी चाळीस मिनिटं पोलादपूरला थैली देऊन, भिंतीशी ठेवलेली मोळी विकायला गेली.

चार दिवस तिने एकटीने लाइन चालवली. पाचव्या दिवशी हैबती उभा राहिला, तिच्या मागोमाग उतरत गेला, तिची पावलं बघत. शेवटचे तीन दिवस थैली त्याने नेली. आठच्या आठ चिठ्ठ्या साहेबांकडे गेल्या. वेळा मागेपुढे होत्या, पण मोटार एकदाही चुकली नाही, आणि लाइन हैबतीच्या नावावर कायम झाल्याचं पत्र आलं.

ते पत्र मास्तरांनी मला दाखवलं आणि मी वाडीवर जायचं ठरवलं. पहिला चढ मी मजेत चढलो. दहा वर्षं सायकल मारलेली छाती आहे माझी. हैबतीला पत्र वाचून दाखवलं. त्याने ते दोनदा वाचायला लावलं, मग घुंगरांची काठी घेऊन आवडी नावाच्या शेजारणीला ऐकवायला गेला आणि तिथून सगळ्या वाडीला. रखमा मोळी घेऊन पोलादपूरला निघाली होती. तिच्याबरोबर मी उतरायला लागलो.

अर्ध्या उतारावर माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. मी एक कारवी धरली, मग दुसरी. शेवटी धोंड्यावर बसकण मारली. रखमा मोळी डोक्यावर तशीच ठेवून वळली आणि मला बघून हसली. पहिल्यांदाच हसताना बघितलं तिला.

"रखमाबाई, हे पाय तुम्ही कशाने कमावले?" मी विचारलं.

"कमवायचे काय? पंदरा वरसं मोळी घेऊन उतरते. वर जाताना डोसकं रिकामं असतंय, उतरताना भार." तिने मोळी सावरली. "शेठ, एक इचारू?"

"विचारा."

"चढाला मी त्यांच्यामागं पाऊन तास व्हते. दम पुरत नाय मला. तुमच्या सायकलीनं त्यांचा दम वाढला, तसा बाईमानसाचा वाढतोय काय?"

सायकलीबद्दल मला पडला नाही असा प्रश्नच नाही, अशी माझी समजूत होती. हा पडला नव्हता. सात आठवडे मी एका माणसाची नाडी मोजत बसलो आणि त्या डोंगरातले सगळ्यात पक्के पाय दर मंगळवारी माझ्या उंबऱ्याशी बसून, पाणी पिऊन परत जात होते. मी तिला आकडे वाचून दाखवले. तिला एकदाही काही विचारलं नाही. मला लाज वाटली. धोंड्यावरून उठवेना तेवढी वाटली.

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "मंगळवारी बाजाराला याल ना, तेव्हा सायकल काढून ठेवतो."

"मंगळवार लांब हाय," रखमा म्हणाली. "उद्या येते."